त्सुयाको हौदात उतरली तेव्हा

जपानमधल्या चिबा शहरातलं किनुएचं सार्वजनिक न्हाणीघर दुपारी उघडलं, तेव्हा दारात त्सुयाको उभी होती. किनुएची बालपणीची मैत्रीण. कमरेच्या हाडातल्या कॅन्सरच्या गाठीवर कार्बनच्या जड कणांचे किरणोपचार घेऊन ती कितीतरी दिवसांनी आली होती. डॉक्टरांनी सगळ्यांच्या सामायिक, गरम पाण्याच्या हौदात उतरायची मुभा दिली होती.

कपडे बदलणाऱ्या हामाकोने झटकन टॉवेल गुंडाळला.

"ही पाण्यात उतरणार असेल, तर आम्ही चाललो! हिच्या अंगातले किरण हौदात उतरतील. माझ्या घरी नातवंडं आहेत, बाई!"

आणखी दोघी उठल्या.

किनुए गल्ल्यावर घुटमळली. गिऱ्हाईक आधीच रोडावलेलं. "त्सुया," ती हळूच म्हणाली, "आजच्या दिवस घरीच न्हाशील का गं?"

त्सुयाकोचा चेहरा पडला. "सून नातीला माझ्या मांडीवर बसू देत नाही. आणि आता तूही?"

तेवढ्यात केस पुसत शिओरी पुढे आली. जड कणांचा पेशींवर काय परिणाम होतो, हे तपासणारी ती संशोधक.

"हामाको मावशी, या उपचारातला कण गाठीत जाऊन थांबतो, तिथेच त्याचा जोर संपतो. पेशीतल्या डीएनएचे दोन्ही धागे तो असे तोडतो, की पेशीला ते धड सांधता येत नाहीत. म्हणून ती मरते. आसपासच्या चांगल्या पेशींनाही थोडी झळ लागते. ती यांनी सोसली. तुम्हाला बाधेल असं यांच्या अंगात काही उरलेलं नाही."

"तू त्या उपचारवाल्यांतलीच! असंच बोलणार," हामाको फणकारली.

"छातीचा एक्स-रे काढून आलात, तेव्हा अंधारात चमकत होतात का?"

कुणीतरी फिस्सकन हसलं. शिओरी मात्र हसली नाही. "अणुबॉम्बमधून वाचलेल्या मुलींची लग्नं याच भीतीपायी मोडली, मावशी. अजून किती जणींना दारात उभं करायचं?"

त्सुयाको दाराकडे वळली.

"थांब!" किनुए ओरडली. गल्ला सोडून तिने त्सुयाकोचा हात धरला. "चुकले गं मी! चल, दोघी मिळून उतरू. ज्यांना जायचंय, त्यांनी खुशाल जावं!"

हामाकोबरोबर उठलेल्या त्या दोघी निघून गेल्या. त्यातली एक पुन्हा कधीच आली नाही. हामाको काठावर बराच वेळ उभी राहिली. मग तिने पाऊल पाण्यात टाकलं आणि पुटपुटली, "सरक जरा, त्सुयाको. पाठ घासून देते."

मित्रहो, शंका आली तर जाणत्याला विचारा. पण आजाराशी झुंजून परतलेल्या माणसाला, नुसत्या ऐकीव भीतीपोटी, दारातून परतवू नका!