फिश टँकमधली घरघर

वर्षाराणीला नवऱ्याचा संशय आला तो माशांमुळे.

मासे तिच्या लेकीचे, मनालीचे. पोरगी नोकरीसाठी पुण्याला गेली आणि जाताना फिश टँक आईबापांच्या बेडरूममध्ये ठेवून गेली, कारण कळंब्यातल्या त्या घरात इन्व्हर्टरवर चालणारा मोकळा प्लग तेवढाच होता. चार गोल्डफिश, तळाला पांढरी बारीक खडी आणि कोपऱ्यात काचेला चिकटवलेला वीतभर फिल्टर. महिनाभर तो गुमान चालला. मग घरघरायला लागला. आधी हळू, मग मोठ्याने, मग त्या घरघरीत मधूनच टक् टक्. दुपारी जरा पाठ टेकावी तर तेच, पहाटे डोळा उघडावा तर तेच. बंद करावा तर मासे वर येऊन तोंडं उघडी करून बसायचे. त्यातला एखादा गेला तर मनालीला काय तोंड दाखवायचं?

दुसऱ्या कुणाच्या घरात असं झालं असतं तर आपण म्हटलं असतं, असतो एखादा नवरा आळशी. पण वर्षाराणीचा नवरा कृष्णात होता. शाहूपुरीत त्याचं मोटार वायंडिंगचं दुकान. विहिरीवरची मोटार आणून समोर ठेवली की हा लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक तिच्यावर टेकवायचा, मूठ कानाला लावायचा, डोळे मिटायचा आणि सांगायचा, बेअरिंग गेलंय की बुश गेलाय. न खोलता. मलकापूरला तिच्या चुलतभावाच्या लग्नात हा माणूस भरल्या ताटावरून उठला होता, का तर मांडवामागचा जनरेटर ‘बरोबर बोलत न्हाय’. सगळे जेवून उठले तरी हा जनरेटरपाशीच. अशा माणसाला उशाशी घरघरणारा फिल्टर खटकू नये?

“अहो, तेवढा फिल्टर बघा की.”

“हं. बघतो की.”

पंधरा दिवस हेच. आणि वर गाढ झोप. तिची तळमळ चालायची आणि हा शेजारी घोरायचा. तेव्हा तिच्या मनात पाल चुकचुकली. ह्याला आवाज येतोय, चांगला येतोय, पण ह्याला तो हवाच आहे. खोलीत घरघर असली की बायकोचं बोलणं ऐकायला नको.

एकदा डोक्यात किडा शिरल्यावर पुरावे काय, हवे तेवढे सापडतात. हल्ली ती काहीही म्हणाली तरी उत्तर एकच, ‘हं, कर की’. फोन आला की उठून गच्चीवर, आणि तिची चाहूल लागली की फोन बंद. पूर्वी दुकानातून आला की दिवसभराचं सगळं सांगायचा, कोण आलं, कोण भांडलं. आता जेवण, टीव्ही आणि झोप. टीव्ही तर असा मोठा की शेजारच्यांना वेगळा लावायची गरज नाही. तो स्वतःही मोठ्याने बोलायचा, पण कोल्हापुरात हळू कोण बोलतं?

शेवटी तिने दुकानात फोन केला. उचलला प्रसेनजीतने. बारा वर्षं कृष्णातच्या हाताखाली काम केलेला, घरच्यासारखा माणूस.

“प्रसेनजीत, खरं सांग. मालकांचं काय चाललंय?”

पलीकडून आधी दुकानाचं दार ओढल्याचा आवाज आला.

“काकी, तुम्ही मालकांनाच इचारा की. मला कशाला मधी घालताय?”

म्हणजे काहीतरी आहे. ह्याला ठाऊक आहे आणि मला नाही! तिला रडू आलं ते रागाचं. सत्तावीस वर्षं ज्याच्यापुढे बडबड केली, त्याला आता आपला आवाज नकोसा झालाय, हे तिला भाकरी थापताना, कपडे वाळत घालताना सारखं टोचत राहिलं.

सोमवारी दुकानाला सुट्टी. कृष्णात पलंगावर खिडकीकडे तोंड करून पेपर वाचत होता. वर्षाराणीने ठरवूनच फिल्टरचा प्लग काढला. आता घरघरीचा बहाणा नको. त्याच्या पाठीशी उभी राहून ती स्पष्ट म्हणाली, “मी चाललो मलकापूरला, माहेरी. आता परत येत न्हाय.”

मान न वळवता, पेपराचं पान उलटत कृष्णात म्हणाला, “हं. कर की.”

तिने पिशवीत दोन साड्या कोंबल्या आणि दार आपटून निघाली. स्टॉपपर्यंत ती नुसत्या तावातच चालत गेली. बस समोर आली, तिने दांड्याला हात घातला, आणि तिला आठवलं की प्लग काढलेलाच राहिलाय. मासे मरतील. त्या माणसाला बायको गेलेली दिसत नाही, तिथे मासे काय दिसणार? पण माशांनी कुणाचं काय घोडं मारलं होतं? कंडक्टरच्या शिव्या खात ती मागे फिरली.

दारातच घरघर ऐकू आली. म्हणजे ह्याने फिल्टर सुरू केला. बायकोची पाठ फिरल्याबरोबर! ती तरातरा बेडरूमपाशी गेली आणि उंबऱ्यातच थबकली.

कृष्णात टँकपुढे गुडघे टेकून बसला होता. पाठ दाराकडे. दुकानातला तो लांब स्क्रू ड्रायव्हर त्याने आणला होता. टोक फिल्टरच्या डोक्यावर टेकलेलं, पण मूठ कानाला नव्हती. ती त्याने दातांत घट्ट धरली होती.

“अहो! पाण्यात करंट उतरंल!”

तो हलला नाही.

“अहो!”

नाही. तिने हातातली पिशवी जमिनीवर आदळली. नाही. मग ती घाबरली आणि तिच्या तोंडून ते निघालं, जे सत्तावीस वर्षांत उखाण्यातसुद्धा तिने लाजत घेतलं होतं.

“कृष्णात!”

त्याने मूठ दातांत जरा सरकवून घेतली, डोळे मिटूनच. वर्षाराणी उंबऱ्याला धरून उभी राहिली. तिला आता सगळं कळलं होतं, आणि आपण काय काय समजत होतो ते आठवून लाज वाटत होती.

ती पुढे जाऊन त्याच्यासमोर बसली. तो दचकला. दातांतला स्क्रू ड्रायव्हर काढून पाठीमागे लपवायला गेला.

“कधीपास्नं?” तिने त्याच्या तोंडाकडे बघत मोठ्याने विचारलं.

त्याने स्क्रू ड्रायव्हर पुढे आणून मांडीवर ठेवला. “डावा कान दिवाळीत गेला. आता उजवाबी चाललाय. दातानं कळतंय अजून थोडं.”

“आणि मला सांगायचं न्हाय?”

“मोटारवाल्याला ऐकू येत न्हाय म्हटल्यावर दुकानात कोण येणार? फोनवर काय म्हणत्यात ते कळत न्हाय, गच्चीवर जाऊन स्पीकर लावतोय. ऐकायचं काम प्रसेनजीतच करतोय, त्याला शपथ घातलीया.”

“आणि मी?”

“तू बोलतीस, मी हं म्हणतोय. चाललंय की.”

“सोडून चाललो म्हटलं तरी हं?”

तेव्हा कुठे त्याने दारातली पिशवी बघितली. पिशवीकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं.

“असं म्हटलीस?”

हाताला काम हवं म्हणून त्याने प्लग काढला, फिल्टर बाहेर घेतला, नखाने झाकण उचकटलं. आतल्या बारक्या पंख्यात खडीचा एक दाणा अडकला होता. त्याने तो काढला, पंखा धुतला, पुसला, पुन्हा बसवला. फिल्टर पाण्यात सोडून प्लग लावला. पाणी हलायला लागलं. मासे खाली गेले.

कृष्णात फिल्टरकडे बघत नव्हता. तो तिच्या तोंडाकडे बघत होता.

“थांबला?”

खोलीत शांत झालं होतं, कितीतरी दिवसांत नव्हतं इतकं. वर्षाराणीने मान हलवली, आणि मग नुसती मान नको म्हणून तोंडानेही म्हणाली, “थांबला.”

“आलीस तवा हाक मारायचीस की,” तो म्हणाला. “उगं दचकलो.”

“मारली की.”

“काय म्हणून?”

ती लाजली. उठून तिने खिडकी लावून घेतली, शेजारणीचे कान चांगले होते. मग पुन्हा त्याच्यापुढे येऊन बसली, त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे केलं आणि सावकाश, पुरत्या आवाजात त्याचं नाव घेतलं.

कृष्णात तिच्या ओठांकडे बघतच राहिला.

“हं,” तो म्हणाला. ‘कर की’ म्हणाला नाही.