काकासाहेबांनी नावं ठेवलेली सायकल

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. माझ्या हँडलची डावी मूठ उजवीपेक्षा चार बोटं मागे आहे. ती तशी का, हे सांगताना आजही माझी मान खाली जाते.

१९९६ साली बदनापूरच्या ख्वाजामियाँ मिस्त्रींनी मला घडवलं. नर्स मालनबाई लसींचा डबा घेऊन वाड्यावस्त्यांवर जायच्या. खडकाळ वाटेनं त्यांची कंबर धरायची. म्हणून मियाँनी माझ्या मागच्या चाकावर भंगारातल्या मोपेडचा शॉकअप बसवला. त्यानं मागची बाजू उंच झाली. मग उतारावर तोल जाऊ नये म्हणून त्यांनी पुढचं चाक धरणारा चिमटा तिरका करून पुढे काढला. तीनदा कापलं, तीनदा जोडलं. पहिल्याच फेरीनंतर मालनबाई म्हणाल्या, पाळण्यात बसल्यासारखं वाटलं. मी फुगून गेले.

पण दुकान होतं बैलबाजाराला लागून. तिथे बैलांचे जाणकार म्हणून काकासाहेबांचा शब्द चालायचा; त्यांनी एखाद्या बैलाला नावं ठेवली की त्याला गिऱ्हाईक मिळत नसे. एका बाजारच्या दिवशी मी तेलपाण्यासाठी दुकानात उभी असताना त्यांनी मला खालून वर न्याहाळलं.

"पुढचे पाय पसरून उभा राहणारा बैल मी दावणीला बांधत न्हाई. खोडीचा निघतो."

सगळे हसले. येणारा-जाणारा मला खोडीची म्हणू लागला. मियाँ ओशाळले, मी तर त्यांच्याहून जास्त. मालनबाईंना न विचारता त्यांनी चिमटा इतर सायकलींसारखा उभा केला. खरं सांगते, मला आनंद झाला. आता मी चारचौघींसारखी दिसत होते.

दुसऱ्याच दिवशी उतारावर माझं पुढचं चाक दगडाला अडलं आणि मालनबाई हँडलवरून पुढे फेकल्या गेल्या. त्यांचं डावं कोपर मोडलं.

प्लास्टर निघाल्यावर त्या दुकानात आल्या. मियाँ खाली बघतच बोलले, "बाई, चिमटा तिरका का पाहिजे, ते मला बराबर माहीत व्हतं. तरी लोकांच्या हसण्यापायी मी तो उभा केला."

"लोकांना कुठं उतरायचं व्हतं त्या उतारावरून?" मालनबाई म्हणाल्या. "मंग आता पहिल्यासारखीच करून द्या."

मियाँनी त्याच दिवशी चिमटा पुन्हा पुढे काढला. बाईंचं कोपर मात्र पुन्हा सरळ झालं नाही. म्हणून त्यांचा हात पोचेल तिथवर मियाँनी डावी मूठ मागे वळवली. पुढे नऊ वर्षं बाई माझ्यावरून फिरल्या, पण मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. त्याचीच लाज जास्त वाटते.

मित्रांनो, वेगळ्या बांध्याची वस्तू दिसली, तर हसण्याआधी ती कुणासाठी घडवली आहे ते विचारा. मी चारचौघींसारखी दिसावं म्हणून एका बाईचा हात जन्माचा वाकडा राहिला.