एकच हिरवी पेशी

“अव्वा, उजळली!” विद्याश्री फोनवर आईला ओरडून म्हणाली.

“काय उजळली?”

“पेशी. हिरवी झाली.”

“बरं. जेवलीस का?”

जेवली नव्हती. चार वर्षं ती लॅबमध्ये रोज शिजवत होती, पण ते कुणाला खाता येत नव्हतं. ते पॉलिमर होतं. त्याचं काम हमालाचं: जनुकाचं गाठोडं पाठीवर घ्यायचं, पेशीत शिरायचं, गाठोडं उतरवायचं आणि मुकाट विरघळून जायचं. माल पोचला की पेशी सूक्ष्मदर्शकाखाली हिरवी चमकते. आजवरचे काही हमाल दारातच बसून राहिले. बाकीच्यांनी आत शिरून घरमालकालाच मारलं.

“सोमवारी एक तरी हिरवा फोटो दाखवा, नाहीतर विषय बंद,” पीएचडीच्या सरांनी बजावलं होतं. विषय बंद म्हणजे विद्याश्री गडहिंग्लजला परत. तिथं अव्वानं स्थळं बघूनच ठेवली होती.

आणि आज रविवारी, अख्खी लॅब फुटबॉलच्या फायनलला गेलेली असताना, शेवटच्या बॅचच्या मढ्यांत एक पेशी चमकत होती. शहाणा माणूस आधी फोटो काढतो. विद्याश्रीला आधी कुणाला तरी दाखवायची होती. सरांना फोन लावला, तर पलीकडून नुसत्या पिपाण्या.

ती गेटकडे धावली. काही हललं तर पेशी हरवेल, म्हणून सूक्ष्मदर्शकाचा दिवासुद्धा तसाच चालू ठेवला. वॉचमन सयाजीमामा मोबाइलवर मॅच बघत होते.

“मामा, चला, हिरवी पेशी दाखवते.”

“पेनल्टी चालल्यात, म्याडम. एवढं हुंदे की.”

पेनल्ट्या संपता संपेनात. ती उभी राहिली. एकटीनं परत जाऊन करायचं काय?

शेवटी मामा आले. दाराबाहेर चपला काढल्या, टोपीही काढली. विद्याश्रीनं आधी स्वतः डोकावलं. काळोख. दिव्याखाली धरून ठेवली की चमक उडून जाते, हे नव्या पोरांना तीच घसा फोडून सांगायची. तिनं दिवा बंद केला. पेशी विझली हे सांगायला तोंड उघडलं, तोवर मामा एक डोळा मिटून वाकलेही होते.

मग त्यांनी डोळा बदलून पाहिलं.

“हिरवीगार हाय की, म्याडम!”

“एकच आहे, मामा,” विद्याश्री म्हणाली.

“एक तर हाय की.”

“मॅच कुणी मारली?”

“आपली गेली,” मामा म्हणाले. “थांबा, अजून जरा बघू दे.” आणि पुन्हा वाकले.

तिनं दिवा लावला नाही. शेजारचं स्टूल ओढून बसली.