तिसरी शिट्टी

घर असताना तंबूत का झोपायचं, हा प्रश्न मी लंडनच्या पिनरमधल्या घरापासून धरणापर्यंत मिहीरला विचारत होते. मिहीर माझा मुलगा. गाडी चालवताना तो उत्तर देत नाही, आणि चालवत नसतो तेव्हा त्याच्या कानात काहीतरी खुपसलेलं असतं. शेवटी मागून त्याची मुलगी अन्वी म्हणाली, "आजी, बाबा म्हणाला की आजोबाला फन येणार."

सगळा घाट शशीसाठीच होता. शशी माझा नवरा. मी त्याला नावानेच हाक मारते. सासूबाईंना ते शेवटपर्यंत खटकलं. जन्मभर त्याने कॉव्हेंट्रीत लोकांची मोडलेली हाडं जुळवली, आणि आता मोज्यांचा ड्रॉवर कुठला ते आठवत नाही. एकदा कोपऱ्यावरच्या दुकानात गेला आणि पोलिसांच्या गाडीतून परत आला. त्या दिवसापासून मी त्याला डोळ्यांआड होऊ देत नाही. मिहीरच्या मते मी अति करते. करते तर करते. नवरा माझा आहे.

धरण म्हणजे नुसता आनंद होता. यंदा पाऊसच नाही, त्यामुळे पाणी कुठल्या कुठे मागे गेलेलं. मधे तडे गेलेला तपकिरी चिखल, उघडी पडलेली टेकाडं आणि त्यांच्यामध्ये शिरलेली पाण्याची बोटं. सगळी टेकाडं एकसारखी. "इट्स लाइक अ डेझर्ट," अन्वी खूश होऊन म्हणाली. एवढे पैसे भरून वाळवंटात आलो म्हणायचं.

डिकीतून मी कुकर काढला तेव्हा मिहीरने कपाळाला हात लावला. "आई, सीरियसली? कुकर?"

"मग भात काय तुझ्या फोनवर शिजवू?"

संध्याकाळी गॅसच्या छोट्या स्टोव्हवर कुकर चढवला. पहिली शिट्टी झाली आणि शेजारच्या तंबूतला माणूस ताडकन उभा राहिला. त्याचा कुत्रा गाडीखाली शिरला. दुसऱ्या शिट्टीला कॅम्पची व्यवस्थापक डोना धावत आली. तिसरी झाली, तसा शशी घडीच्या खुर्चीतून उठला, गॅस बंद केला आणि परत जाऊन बसला.

हे त्याचं काम. कॉव्हेंट्रीत हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो तेव्हापासूनचं. मी कुकर लावून आंघोळीला जायची, हा पेपर वाचत बसायचा. मोजताना कधी दिसला नाही आणि चुकलाही नाही. आता अन्वीचं नाव ओठांवर यायला वेळ लागतो, पण तिसऱ्या शिट्टीला हा उठतो. डोना मात्र अगदी गोड आवाजात म्हणाली, उद्यापासून हे जरा बिनआवाजाचं जमेल का? मी हसून मान डोलावली. मनात काय म्हटलं ते लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मिहीरने दोघांची कयाक, म्हणजे वल्हवायची अरुंद होडी, भाड्याने आणली. मी नाही म्हटलं.

"आई, यू कान्ट लॉक हिम अप. घरात कोंडून ठेवणार आहेस का त्यांना?"

"हो. आणि किल्ली कमरेला लावणार."

"सुमे," शशी म्हणाला, "मी इथेच उभा आहे. मला विचार ना."

ते लागलं मला. मी स्वतः त्याच्या लाइफजॅकेटचे पट्टे आवळले आणि जा म्हटलं. बाप-लेक तासभर फिरून आले. कितीतरी दिवसांनी शशी मोकळा हसत होता, पँट भिजलेली, गाल लाल. आपण उगाच घाबरतो, असं मलाही वाटलं.

मिहीरला ऑफिसचा फोन आला. रेंज मिळेना म्हणून तो चढावर गेला. मी शशीचा स्वेटर आणायला तंबूकडे वळले. स्वेटर घेऊन येते तर काठावर शशी नाही आणि कयाकही नाही.

"आजोबा कुठे गेली?" अन्वीने विचारलं.

डोनाने पलीकडच्या सेलिंग क्लबला कळवलं, त्यांची बोट निघाली. मिहीर तडकलेल्या कोरड्या चिखलावरून काठाच्या टोकापर्यंत पळत गेला आणि "बाबा, बाबा" ओरडत राहिला. त्याचा आवाज फाटला. ऊन उतरत होतं. पाण्यावरून आमचे तंबू दिसत नव्हते, आणि दिसले असते तरी आपले कुठले हे त्याला कळलं नसतं. पाण्याच्या कुठल्या फाट्यात शिरला असेल? आणि मधेच उतरला तर? पाण्यालगतच्या ओल्या चिखलात माणूस कमरेपर्यंत रुततो, असं डोनानेच काल सांगितलं होतं.

मग मी स्टोव्ह उचलला. अन्वीला कुकर धरायला दिला. अगदी पाण्याच्या कडेला कोरड्या खडकावर मांडामांड केली, कुकरमध्ये पाणी ओतलं, झाकण लावलं आणि गॅस पेटवला.

पहिली शिट्टी पाण्यावरून लांबवर गेली. दुसरीला समोरच्या टेकाडावरची बदकं उडाली. तिसरी झाली. गॅस बंद करायला कोणी उठलं नाही.

मी हात लावला नाही. मी बंद केला असता तर तो आला नाही, असं ठरलं असतं. शिट्ट्या होत राहिल्या. पाणी संपत आलं असेल, कुकर जळेल, जळू दे. डोना शेजारी येऊन उभी राहिली आणि तिने माझा खांदा धरला. "कीप गोइंग," एवढंच म्हणाली.

उजवीकडच्या टेकाडामागून नारिंगी लाइफजॅकेट बाहेर आलं. शशी वल्हं मारत होता, घाईघाईने, थोडा चिडून. मिहीर पाण्यात शिरून कयाक ओढू लागला. शशीने त्याच्याकडे बघितलंही नाही. बूट भिजवत उतरला, सरळ स्टोव्हपाशी आला आणि गॅस बंद केला.

"तीन कधीच झाल्या," तो मला म्हणाला. "लक्ष कुठे असतं तुझं?"

वाफ गेल्यावर त्याने झाकण काढून आत बघितलं. तळाला घोटभर पाणी.

"अगं, तांदूळ?"

"विसरले," मी म्हटलं.

शशीने भिजल्या हाताने माझा हात धरला.

"होतं गं असं," तो म्हणाला. "घाबरू नकोस. मी आहे ना."