खासबागेच्या नाल्यातला एकच आकडा

बुधवारी सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी गुणाबाईंनी मला खासबागेच्या मागच्या नाल्यात बुडवले. माझ्या पडद्यावर आकडा आला, २१६०. सौम्याने त्याचा फोटो काढला. शेवटचा अहवाल पाठवायला तिच्या हातात बारा वाजेपर्यंतचा वेळ होता.

मित्रांनो, मी एक जुना टीडीएस मीटर आहे. पेनाएवढा लांब, पिवळ्या टोपणाचा. पाण्यात किती क्षार विरघळले आहेत, तेवढे मी सांगतो. त्यापलीकडचे मला काही कळत नाही. तरीही आज सगळे माझ्यावर येऊन थांबले आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. बेळगावात मी आलो तो एका प्रकल्पामुळे. इथले एक कॉलेज आणि परदेशातले एक विद्यापीठ मिळून विद्यार्थ्यांना शिकवणार होते, आणि त्या अभ्यासात गावच्या लोकांनीच मोजमाप करायचे होते. खर्च एक आंतरराष्ट्रीय निधी देणार होता. आम्ही चाळीस मीटर चाळीस लोकांना वाटले गेलो. मी गुणाबाईंकडे आलो. त्या पन्नाशीच्या. खासबागेतल्या विणकरांच्या गल्लीत राहतात, यंत्रमागावर साड्या विणतात. कॉलेजने दिलेल्या कागदावर नियम छापलेला होता: महिन्यातून एकदा, तुम्हीच ठरवलेल्या दिवशी, नाल्याचे पाणी मोजा आणि फोटो पाठवा.

गुणाबाईंनी तो नियम कधी मोडला नाही. मला घेऊन त्या नाल्यावर जात, बुडवत, फोटो पाठवत, मग नळाखाली धुऊन टोपण लावत आणि धाग्याच्या डब्यात ठेवत. आकडे ३८०, ४१०, ३९० असे यायचे. दुसऱ्या वर्षी कॉलेजमध्ये त्यांचा सत्कार झाला. पडद्यावरून बोलणाऱ्या परदेशी प्राध्यापकांनी त्यांचे नाव अडखळत घेतले आणि टाळ्या वाजल्या. त्या दिवशी मी त्यांच्या पिशवीत होतो. मलाही बरे वाटले.

मग तो महिना आला. गुणाबाई कडोलीला भावाकडे गेल्या होत्या. परत येऊन त्यांनी ठरल्या दिवसानंतर तिसऱ्या दिवशी मला बुडवले आणि मी २१४० दाखवले. प्रकल्प पाहणाऱ्या आणि निधी ठरवणाऱ्या समितीने सगळे आकडे समोर मांडले, तेव्हा हा एकच वेडावाकडा दिसला. यंत्र बिघडले असावे, असा शेरा पडला. आकडा खोडला गेला. गुणाबाईंना नवा मीटर मिळाला. त्याने पुढच्या महिन्यात ४०० दाखवले आणि माझ्या बिघाडावर शिक्कामोर्तब झाले. माझ्या पाठीवर लाल चिकटपट्टी लावून मला कॉलेजच्या कपाटात टाकले. सात महिने मी तिथे पडून होतो.

पहिला टप्पा संपत आला. दुसऱ्या टप्प्याचा निधी आला, तर ज्या भागातले नाले खराब ठरतील तिथल्या विहिरींचे पाणी प्रयोगशाळेत तपासले जाणार होते. खासबागेचे नाव स्वच्छ नाल्यांच्या यादीत गेले होते. म्हणजे तिथली तपासणी होणारच नव्हती. नाल्यापासून वीस पावलांवर एक विहीर आहे. पंधरा घरे तिचे पाणी पितात.

सौम्या ही टिळकवाडीतली, याच कॉलेजची विद्यार्थिनी. शेवटचा अहवाल तिच्याकडे होता. सोमवारी तिने बिघडलेल्या यंत्रांची यादी करायला मला कपाटातून काढले आणि सवयीने मीटर तपासायच्या प्रमाण द्रावणात बुडवले. त्यात हजार यायला हवेत. मी ९९८ दाखवले. तिने पुन्हा बुडवले. पुन्हा ९९८.

मंगळवारी संध्याकाळी ती मला घेऊन गुणाबाईंच्या दारात उभी राहिली. त्या दिवशी नाल्यावर काय वेगळे होते, असे तिने विचारले. गुणाबाईंना काही आठवेना. सगळे रोजच्यासारखेच होते, असे त्या म्हणाल्या. माग चालू होते, भट्टी चालू होती.

"आणि एरवी मोजता तेव्हा?"

"एरवी बंदच असतंय की गं. अमावस्येला कोण माग चालवतंय? हात मोकळा असतोय म्हणून तर त्याच दिवशी जातो आम्ही."

मागवाल्या घरांत अमावस्येला मागाला हात लावत नाहीत. सूत रंगवणाऱ्यांची भट्टीही त्या दिवशी पेटत नाही, रंगाच्या हंड्यांची पूजा होते. त्या दिवशी रंगाचे खारे पाणी नाल्यात येतच नाही. सौम्याच्या तक्त्यात इंग्रजी तारखा होत्या. कधी अठरा, कधी सतरा, कधी सोळा. त्यात अमावस्या कुणाला दिसली नाही, ना तिला, ना परदेशातल्या प्राध्यापकांना. गुणाबाईंनी नियम काटेकोर पाळला होता आणि त्यामुळेच सव्वीस महिने नाला स्वच्छ दिसत होता. खरा आकडा एकच होता. तोच खोडला होता.

रंगाची भट्टी गुणाबाईंच्या धाकट्या दिराची, भावकूची आहे. त्यांच्या मागावरचे सूतही तिथेच रंगते. नाला खराब ठरला, तर पहिला प्रश्न त्यालाच विचारला जाणार. तरीही त्यांनी सौम्याला सकाळी दहाला यायला सांगितले.

आज आम्ही नाल्यावर पोहोचलो, तर भावकू आधीच काठावर उभा होता. परदेशातल्या लोकांना आमच्या मोरीची लई काळजी, असे तो हसत म्हणाला. मग हसणे थांबले.

"वैनी, आज नको. परवा अमावस्या हाय, तवा घ्या की. सव्वीस बारी घेतलासा तसं."

म्हणजे त्याला ठाऊक होते. गुणाबाईंनी त्याच्याकडे पाहिले.

"तुला कळत हुतं व्हय रं?" एवढेच त्या म्हणाल्या आणि मला पाण्यात सोडले.

पावणेबारा वाजता सौम्याने नवा आकडा, खोडलेला आकडा आणि सव्वीस अमावस्यांची यादी समितीला पाठवली. चार वाजता बैठक सुरू झाली. नियम पाळूनही सगळी मोजमापे एकाच बाजूची निघाली, हे वाचून समितीचे लोक दुसऱ्या टप्प्याचा निधी देतील की अख्खा प्रकल्पच अविश्वासार्ह ठरवतील, हे सौम्याला सांगता येईना. पायरीवर बसून उत्तराची वाट पाहणाऱ्या तिला गुणाबाईंनी दोनदा विचारले.

मित्रांनो, माझे मागणे थोडे आहे. काम झाले की मला धुवा, टोपण लावा, ओला ठेवू नका. आणि माझा आकडा इतरांपेक्षा वेगळा आला, तर पाठीवर लाल पट्टी लावण्याआधी मला आणखी एकदा बुडवून पाहा. तो दिवस कोणता होता, हेही कुणाला तरी विचारा.

नाल्यात गेलेली वस्तू विहिरीजवळ न्यायची नाही, असे गल्लीत पहिल्यापासून ठरले होते. म्हणून विहिरीचे पाणी मी कधी पाहिले नव्हते. पाच वाजता भावकू भट्टीवरून आला. विहिरीत दोर सोडून त्याने बादली ओढली आणि आणून गुणाबाईंच्या पायरीवर ठेवली.

"माझी पोरगी हेच पाणी पितीया," तो म्हणाला. "बघा."

गुणाबाईंनी मला दोनदा धुतले, पदराला पुसले. सव्वापाच झाले आहेत. समितीचे उत्तर आलेले नाही. माझे टोपण निघाले आहे. बादलीतले पाणी अजून हलते आहे आणि ते स्थिर होण्याची तिघेही वाट पाहत आहेत.