गुडघ्यावर राहिलेला हात

योगशिक्षकांच्या शिबिराच्या सातव्या दिवशी मंदाताई जोगांचा उजवा हात मनगटापासून सुटून रखमा घागच्या डाव्या गुडघ्यावर राहिला.

पद्मासनाचा तास होता. रखमाचा गुडघा जमिनीपासून वीतभर वर अडला होता आणि ताई तो तळव्यानं दाबत होत्या. ताठरपणा मनात असतो, गुडघा अजून खाली जाईल, असं त्या अकरा शिबिरं सांगत आल्या होत्या. गुडघा गेला नाही. ताई पुढच्या चटईकडे वळल्या आणि हात मागेच राहिला. रक्त नाही, कळ नाही. डब्याचं झाकण निघावं तसा. रखमा बावन्न वर्षांची अंगणवाडी सेविका, भिडस्त बाई. बाईंनी ठेवलाय म्हणजे कारण असेल, असं म्हणून तिनं हातावर पदर ओढला आणि पाचच्या एस.टी.नं ती गावी गेली.

ताईंच्या ध्यानात आलं ते संध्याकाळी, कीर्तनात. आख्यान रंगलं होतं. भक्ताची घागर डोक्यावर घेऊन देव ओढ्यात उतरत होते. एक पाय पाण्यात पडला आणि टाळीची जागा आली. चाळीस वर्षं ताई त्याच खांबाशी बसत आल्या. आधी त्यांची टाळी पडायची, मग मंडपाची. आज डावा तळवा हवेत जाऊन परत आला. तबला थांबला. बुवांनी उचललेला पाय तसाच अधांतरी ठेवला.

"ताई, एक हात कुठं विसरलात?"

लोक हसले, पण मायेनं हसले. उठलं कुणीच नाही. बुवा म्हणाले, सावकाश होऊ द्या. फक्त देव एका पायावर आहेत आणि पाणी गार आहे.

सकाळी ताई रखमाच्या गावी निघाल्या तेव्हाही सगळे बसलेले होते. कुणीतरी चहा फिरवला होता. बुवांनी तोल सांभाळायला तबलजीच्या डोक्यावर हात टेकला होता.

रखमा ओटीवर डावा पाय लांब करून विळीवर भोपळा चिरत होती. हात गुडघ्यावर होता. तिची सासू म्हणाली, "सून शिकायला धाडली, तर मास्तरणीचा हातच घेऊन आली. दुसरा पण ठेवून जा बाई, भांड्यांना होईल."

ताईंनी ओढून पाहिला. निघेना. रखमा म्हणाली की त्यालाही इथं चैन नाही, सारखा मांडीकडे सरकतो. गुडघ्यात काही नाही, असं सांगतोयसं वाटतं.

"मग कुठं आहे?"

"वर बघा ना, बाई. तुम्हीच तर शिकवता."

ताई वाकल्या आणि आपल्याच तळव्याखालून आत गेल्या.

आत शिबिरातल्या हाडांच्या तक्त्यावर असतं तसंच होतं, फक्त लांब. गुडघ्याची बिजागरी दाबून दाबून पिळली होती. पुढं मांडीचं हाड पडवीसारखं गेलं होतं. ताई दुपारपर्यंत चालल्या. छत खाली येत गेलं. शेवटी त्या कोपरांवर सरकू लागल्या. टोकाला खुबा लागला. हाडाचा गोल माथा वाटीत बसलेला. तक्त्यावरची वाटी उथळ होती आणि बाजूला बघायची. रखमाची खोल होती आणि समोर बघत होती. मांडी बाहेर वळली की हाड वाटीच्या काठाला टेकायचं. हाडाला हाड. मध्ये ताणायला स्नायू नव्हता, आणि मनही नव्हतं. पद्मासनाचं वळण इथून यायचं. इथं मिळालं नाही की खालची बिजागरी पिळते. परीक्षेपुरतं ताईंना हे पाठ होतं.

काठ गुळगुळीत होता, चाकावर अंगठा फिरवून घडवल्यासारखा. घडवणाऱ्यानं एकीसारखी दुसरी घडवलीच नव्हती. ताईंना हात जोडावेसे वाटले. हात एकच होता, म्हणून त्यांनी काठावर कपाळ टेकलं.

बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "रखमाताई, तुमचा गुडघा याच्या खाली जायचा नाही. जायला नकोच. मी चुकले."

"मला कळत होतं," रखमा म्हणाली. "पण बाई तुम्ही. म्हणून बोलले नाही."

ताईंनी घरातली गोधडी चौपदरी करून तिच्या बैठकीखाली सारली आणि साधी मांडी घालायला सांगितलं. गुडघा आपला आपण येऊन थांबला, जरा वरच. त्याच्यावरचा हात निजलेल्या तान्ह्यासारखा सैल पडला. सुटला मात्र नाही.

"असू दे," रखमा म्हणाली. "आता जड लागत नाही."

चारच्या गाडीनं दोघी निघाल्या, गोधडी घेऊन. मंडपात सगळे होते. रखमा खांबाशी गोधडीवर बसली, ताई तिच्या डाव्या अंगाला.

"आला का हात?" बुवांनी विचारलं.

"आला," ताई म्हणाल्या. "पण आता यांच्याकडे असतो."

त्यांनी डावा तळवा उचलला. रखमाच्या गुडघ्यावर उजवा आपणहून उताणा झाला. टाळी पडली. देवांनी दुसरा पाय पाण्यात टाकला, आणि मंडपात मांडी घालून बसलेल्या प्रत्येकाच्या गुडघ्याला, ज्याच्या त्याच्या उंचीवर, गार पाणी लागलं.