उजव्या हाताचा धडा

रबरी चेंडू दारातून बाहेर आला, माझ्या पायावर आपटला आणि टप्पे खात जिना उतरून गेला. पाठोपाठ ताईचा आवाज आला.

"मी काय मांजर आहे का, चेंडूशी खेळायला?"

आत फिजिओवाली उभी होती. पोरगी शांत होती, पण कान लाल झाले होते. "काका, तुम्हीच सांगा यांना. अर्धांगाचा झटका येऊन सहा आठवडे झाले. हात पहिल्या तीन महिन्यांत जेवढा येईल तेवढा येईल, पुढं अवघड. आणि या सगळं डाव्यानं उरकतात."

"चेंडूही डाव्यानंच फेकला," ताई म्हणाली. "लिहून घे वहीत."

माझी ही थोरली बहीण एकतीस वर्षं टायपिस्ट होती. साहेब सांगून घसा खाकरेपर्यंत हिचा कागद मशीनमधून बाहेर आलेला असायचा. तिनं लग्न केलं नाही, माझं टिकलं नाही. त्यामुळे आम्ही दोघं एका घरात एकमेकांचं डोकं खात राहतो. मला टायपिंग तिनंच शिकवलं, बोटांवर पट्टी मारून. आज मी कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो ते त्या पट्टीच्या जोरावर, असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवते. आणि आता त्याच बाईचा उजवा हात मांडीवर दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा पडून असायचा. मला तो बघवत नसे.

फिजिओवाली गेल्यावर ताई म्हणाली, "माझा तो अक्षरं पडायचा खेळ लावून दे. मग हलवते बोटं."

तिच्या ऑफिसात पहिल्यांदा कॉम्प्युटर आले तेव्हाचा, विंडोजच्या आधीच्या डॉसवर चालणारा खेळ तो. वरून इंग्रजी अक्षरं खाली पडतात. जमिनीला टेकायच्या आत ते अक्षर मारायचं, सुटलं की गेलं. त्यात फक्त उजव्या हाताचा वेगळा धडा होता. मधल्या सुट्टीत अख्खं ऑफिस हिच्या खुर्चीमागं उभं राहायचं.

"अगं, नेटवर असले शंभर आहेत आता," मी म्हणालो आणि दोन उघडूनही दाखवले.

"हे बालवाडीतलं आहे. चुकलं तरी टाळ्या वाजवतंय मेलं. माझा लाव."

खेळाची फ्लॉपी दुकानातल्या खणात सापडली आणि चक्क वाचताही आली. मी घरातल्या कॉम्प्युटरवर डॉस चढवलं, खेळ सुरू केला. पडद्यावर एक ओळ आली: मेमरी अपुरी आहे.

आता इथं मी जे केलं ते माझ्या धंद्यातला माणूसच करू जाणे. इतकी वर्षं गिऱ्हाइकांना सांगत आलो, मेमरी कमी पडतेय, वाढवून घ्या. तेच घरी केलं. दुकानातून मेमरीची एक पट्टी आणून बसवली. तीच ओळ. दुसरी बसवली. तीच ओळ! पूर्वीच्या मशीनच्या हजारपट मेमरी झाली तरी हा खेळ अपुरी, अपुरी म्हणून गळा काढतोय. दोन दिवस गेले.

"जमत नाही म्हण की," ताई पलंगावरून म्हणाली.

"जमत नाही म्हणायला मी काय चेंडू फेकून देणारा आहे?"

ती हसली. झटक्यानंतर तोंडाची उजवी बाजू थोडी मागं राहायची, पण हसली.

तिसऱ्या दिवशी सकाळी दात घासताना डोक्यात प्रकाश पडला. खेळाला मेमरी कमी नव्हती, जास्त होती! तो लिहिणाऱ्यानं एवढी मेमरी स्वप्नातही पाहिली नसणार. त्याची मोजणी जुन्या स्कूटरच्या मीटरसारखी, नव्याण्णव हजारांच्या पुढं गेली की परत शून्य. मी तोंड तसंच फेसाळलेलं ठेवून मशीनपाशी बसलो, दोन्ही पट्ट्या काढल्या आणि उरलेल्या मेमरीतली सोळा एमबीच त्याला दिसेल असं करून बाकीची झाकली.

ओळ बदलली. आता म्हणे, सुरुवातीची जागा अपुरी. हे दुखणं मात्र ओळखीचं होतं. घर केवढंही असो, डॉसचे हे जुने पाहुणे दारातल्या एका लहानशा जागेतच उभे राहतात, आणि तिथं माऊस, सीडी, आवाज या सगळ्यांनी चपला काढून ठेवलेल्या असतात. माऊस काढला, सीडी काढली, आवाज वरच्या जागेत ढकलला. खेळ लागला! मी ओरडलोच.

लागला, पण नव्या मशीनच्या वेगानं. चाळीस अक्षरं वरून निघाली आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत जमिनीवर. मग मशीन हळू करणारा एक छोटा प्रोग्रॅम टाकला, घड्याळ लावून मूळचा वेग जुळवला. आणि तिथं माझा हात थांबला. मूळच्या वेगात तिचं काय होणार? कुणाला कळतंय, म्हणून मी वेग निम्म्यावर आणला आणि तिला खुर्चीत आणून बसवलं.

तिनं डाव्या हातानं उजवा उचलून कीबोर्डवर ठेवला. पहिली चार अक्षरं बघत राहिली. बोट हलवलंसुद्धा नाही.

"हळू केलंस."

"छे! मशीन नवीन आहे, म्हणून तसं दिसतं."

"नवीन मशीन हळू चालतं? कुणाला शिकवतोस रे? माझ्या ऑफिसात 'के' एवढा वेळ लोंबकळत नव्हता." तिचे डोळे भरले होते, रागानं. "हात गेलाय माझा, अक्कल नाही. मूळच्या वेगाला लाव."

मला तिची कीव आली होती आणि ते तिला कळलं होतं. इतकी लाज मला कधी वाटली नाही. मी मान खाली घालून वेग मूळचा केला.

पहिल्या दिवशी शून्य. दुसऱ्या दिवशी शून्य. चाळीस अक्षरं पडायची, ती शिव्या घालायची, डाव्या हातानं पुन्हा धडा सुरू करायची. फिजिओवालीनं येऊन पाहिलं, खुर्ची थोडी उंच केली, मनगटाखाली टॉवेलची घडी दिली आणि चेंडूचं नावही काढलं नाही. एक आठवडा शून्यातच गेला.

नवव्या दिवशी सकाळी मी दुकानात निघालो होतो. पायांत चपला घातल्या आणि आतून हाक आली. हाक नव्हे, किंकाळीच. धावत गेलो. पडद्यावर गुण होते: एक. उजव्या तर्जनीनं 'जे' मारला होता.

खेळानं उच्चांकाची यादी उघडली. यादी अगदीच कोरी, त्यामुळे एका गुणावर ताई पहिली.

"अख्ख्या ऑफिसात पहिली!" ती म्हणाली. आम्ही दोघंही वेड्यासारखे हसलो. मग मला रडू आलं. तिनं तिकडं लक्ष दिलं नाही. खेळ नाव विचारत होता.

"मी टाकू?"

"हात लावलास तर बघ."

नावात अक्षरं सात. चार डाव्या हाताची, तीन उजव्याची. ज्या हाताचं अक्षर त्याच हातानं मारायचं, असा तिचा नियम. डाव्याची पटापट पडली. उजव्याच्या तिघांना पाऊण तास लागला. प्रत्येक वेळी ती बोट त्या कीवर नेऊन ठेवायची आणि वाट पाहायची. नाव पुरं झालं. आता फक्त एंटर.

"तो करंगळीचा," ती म्हणाली. करंगळीत अजून काहीच आलं नव्हतं, हे तिलाही माहीत होतं, मलाही. "तू जा दुकानात. उशीर होतोय."

दुपारी जेवायला आलो तेव्हा नाव पडद्यावर तसंच होतं, पुढं रेघ लुकलुकत होती. ताईची मान आखडली होती. मी ताट तिच्या खुर्चीशीच आणून ठेवलं. ती डाव्या हातानं जेवली. उजव्याची करंगळी तिनं एंटरवरून काढली नाही.